मधुमेह-प्रतिबंध आणि तरुण कष्टकरी स्त्री
(कोलकाता येथील भाषणाचा मजकूर)



विसाव्या शतकाच्या आरंभी या शहरातील डॉक्टर मधुमेहाला वकील, मुन्सफ, कारकून अशा बैठ्या भद्रलोकांचा रोग मानीत. ती समजूत केव्हाच मोडीत निघाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि तेरा कोटींहून अधिक लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

प्रतिबंधाचे कार्यक्रम मात्र अजूनही जणू त्या भद्रलोकांसाठीच आखले जातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या प्रयोगात आहार व चालणे एवढ्यानेच रोगाचा धोका २८ टक्क्यांनी घटला, हे मोठेच यश. पण त्यातील ५३१ जणांत स्त्रिया होत्या अवघ्या ११०. सरकारी सार्वत्रिक तपासणी सुरू होते ती तिशीपासून. तोवर वस्तीतील कित्येक मुलींची बाळंतपणे उरकलेली असतात.

रोगाचे बीज तर तेथेच पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५. वजन कमी, पण त्या मानाने चरबी अधिक. अशी शरीरे पुढे मधुमेहाकडे झुकतात. म्हणूनच या गटाने पुढे गर्भारपणाची वाट न पाहता किशोरवयातच बी-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग हाती घेतला.

आता कोलकात्यात पाहा. पहाटेच्या कॅनिंग लोकलने बालीगंज, ढाकुरियाकडे घरकामाला येणारी विशीतली स्त्री मालकांच्या मधुमेहासाठी मोजून रुटी लाटते आणि स्वतः मुडी व गोड चहावर दुपार काढते. तिला ‘व्यायाम करा’ सांगणे ही थट्टा झाली! आरोग्य केंद्र उघडे असते तेव्हा ती परक्या घरची भांडी घासत असते. खाडा केला की पगार कापला जातो. अशा स्त्रिया ‘उदासीन’ असतात, हा अहवालांतील शेरा म्हणूनच खोटा आहे.

गर्भारपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासावे, असा सरकारी नियम आहे. उपाशीपोटी येण्याची अट नाही. साखर १४० वा अधिक निघाल्यास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ही दुसरी तपासणीच सहज चुकते, कारण बाळ सुखरूप हाती आले की घरच्यांना प्रश्न मिटलासा वाटतो. प्रत्यक्षात अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर मातांच्या सुमारे सातपट असतो.

तेव्हा महापालिकेच्या १४४ वॉर्डांत मागणी करावयाची ती ही: केंद्रे संध्याकाळी उघडी ठेवा, लोकलच्या स्थानकांवर तपासणी करा, आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू देऊ नका.