महानगरातील विद्यार्थ्यांची रात्र



आजचा विषय मी मागितलेला नाही, चालकांनी दिलेला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. 'महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मुंबईतील रात्रीची करमणूक' या विषयावर बोला, असे त्यांचे पत्र आले तेव्हा आमच्या घरात हसू आवरेना. मी पदवीधर नाही. महाविद्यालयाच्या पायऱ्या मी चढलो त्या तिथल्या शिपायांच्या आणि कँटीनमधल्या पोरांच्या मागण्यांचे कागद घेऊन. करमणुकीविषयी म्हणाल, तर वर्गणी गोळा करणे हीच माझी आयुष्यातली मोठी करमणूक. पण नंतर वाटले, चालक अगदीच चुकलेले नाहीत. रात्रीविषयी बोलायला रात्र जागलेला माणूस पाहिजे, आणि तेवढी पात्रता माझ्यापाशी आहे.

माझा जन्म गिरणगावातला. वडील साचेखात्यात होते आणि बरीच वर्षे तिसऱ्या पाळीला जात. आमच्या खोलीत एका वळकटीवर दोन माणसे पाळीपाळीने झोपत. एक उठला की दुसरा आडवा होई. रात्र म्हणजे झोपेची वेळ, ही समजूत मला पुस्तकातून झाली. घरात तसे काही नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. सुमारे अडीच लाख माणसे त्या संपात उतरली, आणि त्यांतली पुष्कळशी कामावर परत गेलीच नाहीत. आमचे वडील त्यांतलेच. मग चौदाव्या वर्षी एका हॉटेलात टेबले पुसण्याचे फडके माझ्या हाती आले. रात्रशाळेत नाव घातले होते, पण वर्गात बसल्याबरोबर डोळे मिटत. दोन वर्षांनी शाळा सुटली. पुढे जे काही वाचले, ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातून आणि नगर वाचनालयातून.

हे मी माझी करुण कहाणी म्हणून सांगत नाही. सांगण्याचे कारण एवढेच की, आज महाविद्यालयातली मुले रात्री जिथे मजा करायला जातात, तो लोअर परळचा भाग म्हणजे आमचे जुने गिरणगाव आहे. जिथे साचे चालत होते तिथे आता उपाहारगृहे, मद्यालये आणि मोठमोठे मॉल आहेत. रात्रपाळी मात्र त्या जागेतून गेलेली नाही. पूर्वी भोंगा व्हायचा, आता गाणी लागतात, एवढाच फरक.

प्रथम विद्यार्थ्यांची बाजू घेतो, कारण वडीलधारी मंडळी ती सहसा घेत नाहीत. रात्री हिंडणारा मुलगा म्हणजे बिघडलेला मुलगा, असे आपण म्हणून टाकतो. मीही म्हणत असे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या श्रमदान शिबिरात मला बोलावले होते. तिथे मी ऐटीत सांगितले, "आम्ही रात्रीचा दिवस करून शिकलो, तुम्ही दिवसाची रात्र करता." टाळ्या पडल्या. मग मागून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, आमच्या घरी एकच खोली आहे. आजी नऊला झोपते, मग दिवा मालवावा लागतो. माझा भाऊ पुस्तक घेऊन स्टेशनबाहेर नाहीतर समुद्रावर जाऊन बसतो. मी कुठे बसू?"

बंधूंनो, सभेत निरुत्तर होण्याची मला सवय नाही. मालकांच्या वकिलांनाही मी उत्तरे दिली आहेत. त्या दिवशी मात्र मला उत्तर सुचले नाही. माझ्याच लहानपणीची खोली त्या मुलीने माझ्यापुढे ठेवली होती, आणि मी ती विसरून टाळ्या घेत होतो.

तेव्हापासून मी या विषयाकडे निराळ्या रीतीने पाहू लागलो. मुंबईचा विद्यार्थी रात्री घराबाहेर पडतो, त्याचे पहिले कारण चैन हे नाही. जागा हे आहे. चार मित्रांनी बसावे, मोठ्याने हसावे, वाद घालावा, कोणाला मनातले सांगावे, एवढी जागा घरात नसते. वरळीला अभ्यास गल्ली नावाची गल्ली आहे. बीडीडी चाळींतली आणि आसपासची मुले पिढ्यान्‌पिढ्या तिथे रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करीत आली. महापालिकेने पुढे ती गल्ली नीटनेटकी केली, हे चांगलेच झाले. पण एवढ्या मोठ्या शहरात अशा गल्ल्या किती? मुलांना रात्रीची जागा पाहिजे, हे त्या गल्लीने कधीच सिद्ध केले आहे. आपण तिचे कौतुक करतो आणि दुसरी काढीत नाही.

मग पर्याय काय आहेत? एक पर्याय विकतचा. तुम्ही पैसे मोजले की खुर्ची मिळते, पैसे संपले की खुर्ची सुटते. त्यातही एक गंमत पाहा. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आणि बीअरसाठी २१ वर्षांची. म्हणजे महाविद्यालयातील बहुतेक मुलांना कायद्याने हा दरवाजा बंदच आहे. तरीही शहर त्यांच्यासाठी जी रात्र उजळते ती मुख्यतः त्याच दरवाजाभोवती. ज्यांना आत जायची परवानगी नाही, त्यांच्यासाठी बाहेर काय ठेवले आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

दुसरा पर्याय फुकटचा किंवा स्वस्तातला, आणि तो या शहरात अजून थोडाबहुत शिल्लक आहे. मरीन ड्राइव्हचा कठडा आहे. त्यावर बसायला तिकीट नाही. वांद्र्याचा बँडस्टँड आहे, गिरगाव आणि दादरची चौपाटी आहे. रमजानात मोहम्मद अली रस्त्यावर रात्रभर चुली पेटलेल्या असतात आणि गणपतीत लालबाग-परळ झोपत नाही. पावभाजी हा पदार्थ गिरणीच्या रात्रपाळीवाल्यांसाठी निघाला असे सांगतात. तो आता लक्षाधीशही खातात, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

शिवाय नाटक आहे. आमच्या गिरणगावाने परळच्या दामोदर हॉलात नाटके पाहिली आणि केली. आठ-दहा तास साचा चालवून आलेली माणसे तोंडाला रंग लावून उभी राहत. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. त्यांचे प्रेक्षक चाळीच्या मैदानात फतकल मारून बसत. पुढे दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांची चळवळ चालली. शाळेचा हॉल, आणि दिवसा जिथे वर्ग भरत तिथे रात्री नाटक. जुहूला १९७८ साली पृथ्वी थिएटर उघडले. आजही २५ जानेवारीच्या रात्री सवाई एकांकिका स्पर्धा होते, तेव्हा महाविद्यालयांतली शेकडो मुले रात्रभर एकांकिका पाहतात आणि प्रजासत्ताक दिनाची पहाट नाट्यगृहातून बाहेर पडताना पाहतात. एवढ्या जागरणाने कोणी बिघडल्याचे माझ्या कानावर नाही. छबिलदासची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे नवी इमारत बांधावी लागली नव्हती, असलेल्या इमारतीचे कुलूप काढावे लागले होते. आज मुंबईत महापालिकेच्या शाळांच्या किती इमारती रात्री कुलूप लावून उभ्या असतात, हे तुम्ही आपापल्या वॉर्डात फिरून पाहा.

आता दुसरी बाजू, ती माझ्या धंद्याची. कोणाची करमणूक म्हणजे कोणाची तरी पाळी असते. तुम्ही 'रात्र किती छान गेली' म्हणता, तेव्हा कोणी तरी ती रात्र उभ्याने काढलेली असते.

आमच्या संघटनेत एक मुलगा आला. वय वीस, दिवसा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा, आणि रात्री एका बड्या उपाहारगृहात वेटर. त्या उपाहारगृहाचे नाव मी घेणार नाही. त्याच्या टेबलावर त्याच्याच वर्गातली मुले एकदा वाढदिवसाला आली. त्याने त्यांना ओळख दिली नाही, त्यांनी त्याला ओळखले नाही. मला म्हणाला, "भाऊ, त्याचे काही वाटले नाही. पण ती अडीचला उठली, मला आवरायला सव्वातीन झाले, आणि सकाळी माझी परीक्षा होती." पेपर संपायच्या आधीच तो बाकावर झोपला. जादा तासांचे पैसे मागायला गेला तर त्याला विचारण्यात आले, तुझे नेमणूकपत्र कुठे आहे? ते त्याला कधी दिलेलेच नव्हते.

आता वेळेचा हिशेब मांडा. लोकलची शेवटची गाडी रात्री एकच्या आगेमागे सुटते आणि पहिली पहाटे चारच्या आगेमागे. २०२० च्या जानेवारीत राज्य सरकारने मुंबईत काही भागांत दुकाने, मॉल आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याचे धोरण मंजूर केले; मद्यालयांची वेळ मात्र दीडचीच ठेवली. म्हणजे दरवाजा दीडला बंद होतो आणि गाडी त्याआधीच गेलेली असते. मधले तीन तास कोणाचे? ज्याच्यापाशी मोटार आहे त्याचे. बाकीचे, मग तो खाणारा विद्यार्थी असो की वाढणारा, फलाटावर बसून चारची वाट पाहतात. त्या बाकावर दोघेही शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. तिथे मात्र वेटर कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे ओळखू येत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने रात्रभर उघडी ठेवण्याची वाट मोकळी केली. त्याबरोबर दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट वेतन, आणि आठवड्याची सुटी ही कलमेही घातली. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती पाहिजे आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय पाहिजे, असेही त्यात आहे. पण दहांपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना बहुतेक कलमांतून मोकळे सोडले. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याला आणि दिवसाचे तास नऊवरून दहा करण्याला संमती दिली. शहराची रात्र लांबते आहे, आणि तिच्यातून कामगाराचे संरक्षण आखडते आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज तुम्ही-आम्ही रविवारी जी मौज करतो, ती कोणीतरी भांडून मिळवलेली आहे. फुरसत आकाशातून पडत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे की, तुमची फुरसत आणि त्या वेटरची फुरसत या एकाच कुळातल्या आहेत. त्यांना एकमेकींच्या विरुद्ध उभ्या करू नका.

आणखी एक आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली आणि १४ माणसे गेली. त्यांत बहुतेक तरुण, आणि बहुसंख्य मुली होत्या. मजा करायला गेल्या, हा काही त्यांचा अपराध नव्हे. सुरक्षिततेचा नियम हा करमणुकीचा शत्रू आहे, असे जो समजतो त्याने ती रात्र आठवावी. गिरणीत आम्ही आधी बाहेर पडायचा दरवाजा पाहत असू. तुम्हीही पाहत जा.

माझ्या मागण्या तीनच आहेत. संघटनेच्या सवयीने मी त्या मागण्याच म्हणतो. पहिली, प्रत्येक वॉर्डात महापालिकेची एक तरी शाळा रात्री अभ्यासाला, वाचनाला आणि तालमीला उघडी असावी, आणि तिथे मुलीला निर्धास्त बसता यावे. कुलूप काढणाऱ्या शिपायाला त्याचा जादा पगार मिळावा, हे ओघानेच आले. दुसरी, एक ते चार या वेळेत सर्व उपनगरांना पुरेशा बसगाड्या असाव्यात. तिसरी, ज्याला रात्री दुकान उघडे ठेवायचे आहे त्याने प्रत्येक माणसाच्या हातात नेमणूकपत्र ठेवावे, मग माणसे दहा असोत की दोन.

आणि विद्यार्थ्यांकडे एकच मागणे. बाहेर जरूर पडा. बिल देताना मात्र वाढणाऱ्याला एकदा विचारा, "तू घरी कसा जाणार?" त्याचे उत्तर ऐकल्यावर पुढे काय करायचे ते तुमचे तुम्हाला सुचेल.

त्या शिबिरातल्या मुलीचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही. आज सात वर्षांनी देतो आहे, आणि तेही अपुरे. कारण मी सांगितलेले कुलूप अजून निघालेले नाही.

आता घड्याळात नऊ वाजत आले. मंडपवाल्याची चार पोरे मघापासून त्या कडेला उभी आहेत. तुम्ही उठल्यावर त्यांना या सगळ्या खुर्च्या उचलायच्या आहेत आणि मग त्यांनाही गाडी गाठायची आहे. त्यांची रात्र मी आणखी लांबवली, तर इतका वेळ मी बोललो ते फुकट जाईल. म्हणून थांबतो.