आयकर विवरणपत्र : गृहस्थाची वार्षिक आलोचना

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दर्शन, पूजन आणि स्वाध्याय यांसाठी एकत्र येणाऱ्या समाजापुढे आयकराचा विषय मांडणे प्रथमदर्शनी विजोड वाटेल. श्रावकाच्या व्रतांकडे पाहिले असता मात्र हा विजोडपणा नाहीसा होतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रेरणा देणे, चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि भेसळ करणे यांच्याच पंक्तीत राज्याच्या नियमांचे उल्लंघन हाही अतिचार गणलेला आहे. तराजूबाबत दक्ष असलेला व्यापारी विवरणपत्राबाबत उदासीन राहिला, तर त्याचे व्रत अपुरेच राहते.

भारतात १८६० साली जेम्स विल्सन यांनी आयकर आणला. पुढे १९२२ व १९६१ चे कायदे झाले आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला. दिवाळीच्या चोपडापूजनापासून वर्ष मोजणाऱ्या पेढ्यांनाही १९८९-९० या आकारणी वर्षापासून आयकरासाठी मार्चअखेरचे वर्ष स्वीकारावे लागले. दाणाबंदरचा घाऊक धान्यबाजार वाशीस आला, त्यासोबत अनेक कुटुंबे खाडी ओलांडून नवी मुंबईत आली. त्या पिढीने वह्या-खतावण्या डोळ्यांत तेल घालून जपल्या. आता कागद गेले, रांगा गेल्या, विवरणपत्र घरबसल्या संगणकावरून जाते. सोय वाढली, परंतु वाचण्याची सवय सुटली.

याची सर्वाधिक झळ घरातील स्त्रीला बसते. अनेक घरांत पत्नी, माता वा सून यांच्या नावे पॅन असतो, ठेवी असतात, विवरणपत्रही दरवर्षी जाते. त्या भगिनीने ते कधी पाहिलेले नसते. मोबाइलवर आलेला ओटीपी ती विश्वासाने सांगते आणि तेवढ्याने तिचे सत्यापन पूर्ण होते. दिलेली माहिती खरी व संपूर्ण आहे, अशी ही तिची प्रतिज्ञा असते. उद्या नोटीस आली, तर तीही तिच्याच नावे येते.

घरातील कर्ता पुरुष अकस्मात निवर्तला, की हे अज्ञान अधिकच जाचते. उठावण्याचा विधी आटोपतो न आटोपतो, तोच ठेवी कोठे, पासवर्ड कोणता, सल्लागार कोण, असे प्रश्न उभे राहतात. मृत व्यक्तीचे निधनाच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न करपात्र मर्यादेबाहेर असेल, तर त्याचे विवरणपत्र कायदेशीर वारसाला भरावे लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला व वारसपुरावा देऊन पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते, हा त्यातला दिलासा. परंतु एवढे तरी तिला कोणी सांगितलेले असावे!

काही गैरसमजही दूर व्हावयास हवेत. कर शून्य म्हणजे विवरणपत्र नको, हा त्यांपैकी पहिला. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या कररचनेत सर्वसाधारणपणे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. मात्र करमुक्त मर्यादा ४ लाखांचीच आहे. त्यापुढे उत्पन्न गेले, की विवरणपत्र आवश्यक ठरते. दुसरा गैरसमज पत्नीच्या नावे ठेवलेल्या ठेवीचा. पतीने दिलेल्या रकमेवरील व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. तिला माहेरहून मिळालेल्या रकमेचे व्याज मात्र तिचे. तिसरा दानाचा. २,००० रुपयांहून अधिक रोख दानावर वजावट मिळत नाही आणि नव्या रचनेत तर दानाची वजावटच नाही. वजावटीसाठी घेतलेली वाढीव रकमेची पावती देणारा व घेणारा दोघेही दोषी. अशा कागदाने पुण्य तर नाहीच, उलट कर्मबंध.

चूक झालीच, तर उपाय आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने अद्ययावत विवरणपत्राची सोय केली आणि २०२५ मध्ये तिची मुदत ४८ महिन्यांपर्यंत वाढली. देय कर व व्याजाखेरीज २५ ते ७० टक्के अधिक रक्कम भरून राहून गेलेले उत्पन्न दाखवता येते. जितका विलंब, तितका भार जास्त. सांवत्सरिक प्रतिक्रमणात वर्षभराचे दोष आठवून त्यांची आलोचना करणाऱ्या समाजाला यातील मर्म वेगळे समजावण्याची गरज नाही. दोष झाकल्याने वाढतो, उच्चारल्याने हलका होतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एक छोटा नियम घ्यावा. विवरणपत्र पाठवण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. वार्षिक माहिती विवरण, अर्थात एआयएस, उघडून बँकेच्या नोंदींशी ताडून पाहावे. जिच्या नावे विवरणपत्र जाणार, तिने ते स्वतः वाचावे, विचारावे आणि समजल्यावरच ओटीपी द्यावा. ठेवी, विमा, कर्जे यांची एक यादी कपाटात ठेवावी व ती कोठे आहे, हे घरातील स्त्रीला ठाऊक असावे. परिग्रहाचे परिमाण ठरवण्यासाठी आधी परिग्रह किती, हे मोजावेच लागते. विवरणपत्राच्या निमित्ताने ती मोजणी दरवर्षी घडते; ती प्रामाणिकपणे व सर्वांसमक्ष घडावी, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!