अफवा, जमाव आणि सामाजिक मानसशास्त्राचे प्राथमिक धडे

माणूस एकटा असताना जसा वागतो तसाच चारचौघांत वागतो का, आणि वागत नसेल तर हा फरक कसा घडतो, हा सामाजिक मानसशास्त्राचा मूळ प्रश्न आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये केलेली व्याख्या आजही पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात आढळते. तिच्यानुसार इतरांच्या प्रत्यक्ष, कल्पित किंवा गृहीत धरलेल्या उपस्थितीमुळे व्यक्तीच्या विचारांवर, भावनांवर आणि वर्तनावर जो प्रभाव पडतो, त्याचा शोध घेणे हे या शास्त्राचे काम होय. कल्पित उपस्थितीचा उल्लेख येथे मुद्दाम केलेला आहे, कारण ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती वाटण्यासाठी लोक समोर असावेच लागत नाहीत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कार्यक्षेत्र असलेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. या परिसरातील विद्यार्थ्याला मानसशास्त्राच्या अभ्यासात सामाजिक मानसशास्त्राची ओळख होते तेव्हा त्याच्यासमोर येणारे बहुतेक प्रयोग अमेरिकेतील महाविद्यालयीन युवकांवर झालेले असतात, आणि मग नावे व सने पाठ केली की विषय संपला असे वाटू लागते. वस्तुतः या शास्त्राच्या अगदी प्राथमिक संकल्पना पारखून पाहण्यास लागणारी सामग्री खान्देशातच आहे, जरी तिच्यातील काही भाग अत्यंत वेदनादायक असला तरी. आणि या शास्त्राच्या जडणघडणीत भारतीय सामग्रीचा वाटाही समजला जातो त्याहून मोठा आहे. ‘सामाजिक मानसशास्त्र’ हे नाव मिरवणारी दोन प्रसिद्ध इंग्रजी पाठ्यपुस्तके, एक विल्यम मॅक्डूगल यांचे आणि दुसरे एडवर्ड रॉस यांचे, १९०८ मध्ये निघाली, आणि त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत, १९२८ मध्ये, राधाकमल मुखर्जी व नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी या विषयाचे भारतीय पाठ्यपुस्तक लिहिले होते.

अफवेचा अभ्यास हे या वाट्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या प्रचंड भूकंपानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने लोकांमध्ये पसरलेल्या अफवा टिपून ठेवल्या आणि त्यांवरील निबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणीच नाहीसे झाले इथपासून पुढे याहूनही मोठे संकट येणार आहे इथपर्यंत या अफवांचा पल्ला होता. विशेष म्हणजे ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांच्या भोवती फारशी पडझड झाली नव्हती, अशा लोकांमध्ये या अफवा फिरत होत्या. लिऑन फेस्टिंगर यांनी ‘बोधात्मक विसंगती’चा, म्हणजे मनातील दोन गोष्टी परस्परांशी जुळेनाशा झाल्या की निर्माण होणाऱ्या अस्वस्थतेचा, आपला सिद्धांत १९५७ मध्ये मांडला, तेव्हा त्याच्या मुळाशी हेच कोडे होते. भीती तर वाटते आहे, पण भिण्यासारखे समोर काहीच नाही, अशा वेळी माणूस भीतीला शोभेल असे कारण स्वीकारतो, असे उत्तर त्यांनी दिले. अफवा भीती निर्माण करते ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी होते, कारण भीती आधीच असते आणि अफवा तिला आधार पुरवते.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये यात आणखी एक सूत्र घातले होते: विषय जितका जिव्हाळ्याचा आणि त्याविषयीची माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा बळकट. दोहोंपैकी एक जरी शून्य असले तरी अफवा चालत नाही.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या रविवारी, जे घडले त्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. तत्पूर्वी कित्येक दिवस मुले चोरणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश व्हॉट्सॲपवरून फिरत होते. विषय मुलांचा, म्हणजे याहून जिव्हाळ्याचा नाही; आणि संदेश कोठून आला, घटना कोठे घडली, याचा पत्ता नाही. सूत्रातील दोन्ही पदे येथे पूर्ण भरलेली होती. तिसरी गोष्ट मात्र सूत्रात नाही, ती इतिहासात आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी फिरस्त्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही, आणि ती ज्या जमाती त्या यादीत नव्हत्या त्यांनाही भोवली. एखाद्या गटातील सर्व माणसांना एकाच ठरावीक रूपात पाहणे याला सामाजिक मानसशास्त्रात साचेबद्ध प्रतिमा म्हणतात. संदेशात वर्णन असते ‘अनोळखी माणसां’चे, आणि त्या रिकाम्या जागेत कोणाचा चेहरा बसणार हे ही प्रतिमा आधीच ठरवून ठेवते.

अशा घटनेनंतर ‘जमाव बेभान झाला’ असे सहज म्हटले जाते. गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये हेच मत शास्त्राच्या भाषेत मांडले होते: गर्दीत व्यक्तीची विवेकबुद्धी लोपते आणि एक सामूहिक मन तिचा ताबा घेते. हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले तरी दुबळे आहे. राल्फ टर्नर आणि लुईस किलियन यांनी १९५७ मध्ये दाखविले की जमावात नियम नाहीसे होत नाहीत, तर संदिग्ध परिस्थितीत काही थोड्या लोकांच्या उघड कृतीवरून तेथल्या तेथे नवा नियम तयार होतो आणि बाकीच्यांचे मौन ही त्याला संमती समजली जाते. मौनाचे हे वजन सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या सुप्रसिद्ध प्रयोगातून मोजता येते. रेषांची लांबी ओळखण्याच्या अगदी सोप्या कामातही, इतर सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींनी किमान एकदा तरी त्यांच्या मागे जाऊन चूक केली. पण गटातील एकाच माणसाने जरी खरे उत्तर दिले तरी चुकांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. ॲश यांचा प्रयोग अनुरूपतेचा, म्हणजे गटाच्या दबावाखाली आपले मत किंवा वर्तन बदलण्याचा, पुरावा म्हणून शिकविला जातो. त्याचा हा दुसरा अर्धा भाग परीक्षेत क्वचितच विचारला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. राईनपाड्याच्या घटनेच्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्यांना पोलिसांनी वाचविले. अफवा तीच होती आणि प्रदेशही शेजारचाच होता, तरी शेवट निराळा झाला, तो वेळेवर झालेल्या विरोधामुळे.

येथे एक आक्षेप संभवतो. परिस्थितीने वर्तन घडते असे म्हटले तर दोष कोणाचाच उरत नाही काय? ली रॉस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलेली चूक, म्हणजे दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधणे, टाळावयाची असते हे खरे. जोन मिलर यांच्या १९८४ च्या तुलनेत म्हैसूरच्या प्रौढ व्यक्तींनी शिकागोच्या प्रौढांपेक्षा परिस्थितीचा दाखला अधिक वेळा दिला, तेव्हा भारतीय विद्यार्थ्याला ही दृष्टी तशी परकीही नाही. परंतु कारण सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे, आणि या शास्त्राने तसा दावा कधी केलेला नाही. धुळ्याच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये राईनपाडा खटल्यात सात जणांना जन्मठेप सुनावली. कोणी काय केले याचा निवाडा न्यायालयाने केला, तसे करणे शक्य कसे झाले हा प्रश्न मात्र अभ्यासकाकडेच राहतो.

हा अभ्यास करताना प्रयोगांनाही वेद मानू नये. डार्ली आणि लाटाने यांनी १९६८ मध्ये दाखविले की झटका आलेल्या माणसाचा आवाज आपण एकट्यानेच ऐकला असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला धावले, तर आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी केवळ ३१ टक्के. मात्र २०१९ मध्ये तीन देशांतील शहरांच्या सीसीटीव्ही चित्रणाच्या अभ्यासातून असे आढळले की रस्त्यावरील दहापैकी नऊ भांडणांत कोणी ना कोणी मध्ये पडतेच. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले तेव्हा निम्म्याहून कमी निष्कर्ष टिकले. याने शास्त्राची पत कमी होत नाही. स्वतःचे निष्कर्ष तपासण्याची तयारी हेच त्याच्या शास्त्र असण्याचे लक्षण आहे.

म्हणून खान्देशातील विद्यार्थ्याने वाचण्याबरोबर तपासावेही. वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६० मध्ये माँट्रियलला एकाच द्विभाषिक व्यक्तीचा आवाज फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत मुद्रित करून ऐकविला, आणि ऐकणाऱ्यांनी ती दोन वेगळी माणसे समजून त्यांच्या गुणांविषयी वेगवेगळी मते दिली. फ्रेंच भाषकांनीदेखील इंग्रजी आवाजालाच अनेक बाबतींत झुकते माप दिले. घरी अहिराणी किंवा तावडी बोलणारा आणि वर्गात शिरताच प्रमाण मराठीकडे वळणारा विद्यार्थी धुळे, अमळनेर, शिरपूर, यावल येथे सर्वत्र आहे, आणि भाषेविषयीच्या त्याच्या अभिवृत्तीचा, म्हणजे अनुकूल वा प्रतिकूल मानसिक कलाचा, असा अभ्यास करण्यास दोन मुद्रणे, एक छोटी प्रश्नावली आणि ऐकणाऱ्यांची संमती एवढेच लागते. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी येत्या वर्षी हा विषय अवश्य हाती घ्यावा.