मालिका पाहिली, आता पुस्तक कशाला?



एखादे गोष्टीचे पुस्तक मुलांपुढे ठेवावे, तर हल्ली एक उत्तर हमखास ऐकू येते: "सर, ही गोष्ट आम्ही पाहिलीय." वाचलीय नव्हे, पाहिलीय. मुलांचेच कशाला, मोठी माणसेही असेच म्हणतात. राजा कोण, दुष्ट कोण, शेवटी काय झाले, हे सारे पडद्यावर कळले. मग चारपाचशे पानांशी झटापट कशाला करायची? शिक्षकाला हा प्रश्न रोजचा आहे. त्याला "वाचन चांगले असते, म्हणून वाचा" एवढे उत्तर पुरत नाही. तेव्हा आज या प्रश्नाचा थोडा सरळ विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की गोष्ट ठाऊक झाली म्हणजे तिची गोडी संपली, असे आपल्याकडे कोणी कधी मानलेले नाही. रामाने रावणाला मारले हे आपल्या गावात कोणाला ठाऊक नसते? तरीही कीर्तनकार सीताशुद्धीचे आख्यान लावतो आणि माणसे मध्यरात्रीपर्यंत बसून राहतात. पुढे काय होणार एवढ्यासाठी ती बसत नाहीत. बुवा ते कसे सांगतात यासाठी बसतात. म्हणजे शेवट कळला एवढ्या कारणाने पुस्तक बाद होत नाही.

पण हे झाले साधारण बोलणे. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, म्हणजे मुद्दा पक्का होईल. चाळिशी ओलांडलेल्या श्रोत्यांना 'चंद्रकांता' ही मालिका आठवत असेल. १९९४ सालापासून पुढे दोनेक वर्षे ती दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागत असे. नीरजा गुलेरी यांनी ती काढली होती. गावात दूरदर्शन संच मोजके. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या सोप्यात मुलेबाळे दाटीवाटीने बसत आणि एकजण कौलांवर चढून ॲन्टेना फिरवीत राही. क्रूरसिंहाच्या त्या वर चढवलेल्या भिवया आणि त्याचे ते "यक्कू" ज्यांनी पाहिले-ऐकले, ते आजही विसरलेले नाहीत.

ही मालिका ज्या पुस्तकावरून निघाली, ते पुस्तक मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडले असेल. देवकीनंदन खत्री हे त्याचे लेखक. जन्म १८६१ चा, मृत्यू १९१३ चा. काशीच्या बाजूला चकिया आणि नौगढ येथल्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने डोंगर, दऱ्या, पडके किल्ले यांतून त्यांचे पुष्कळ हिंडणे झाले, आणि त्या हिंडण्यातून ही कथा उभी राहिली. 'चंद्रकांता' १८८८ साली प्रसिद्ध होऊ लागली. तिचे भाग चार. तिच्यामागून 'चंद्रकांता संतति' आली. तिचे भाग चोवीस. त्यानंतर 'भूतनाथ' सुरू झाली. ती अपुरी ठेवून लेखक वारले आणि मुलाने, दुर्गाप्रसाद खत्री यांनी, ती पुढे नेली. एका कथेला दुसरी जोडून वाचकाला वर्षानुवर्षे धरून ठेवण्याची ही युक्ती आपल्या देशात तेव्हाच साधलेली होती!

कथेचे बीज साधे आहे. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचा डोळा राजकन्येवरही आणि गादीवरही. तो चुनारच्या राजा शिवदत्ताला जाऊन मिळतो, आणि डावप्रतिडाव सुरू होतात. ही गावे काल्पनिक नाहीत बरं का. चुनारचा किल्ला आजही गंगेच्या काठावर उभा आहे, विजयगढ सोनभद्र जिल्ह्यात आहे आणि नौगढ चंदौली जिल्ह्यात.

आता मालिका पाहिलेला माणूस हे पुस्तक हातात घेतो तेव्हा काय होते ते पाहा. पहिला धक्का हा, की त्याने पाहिलेले पुष्कळसे इथे नाहीच. मालिकेने नावे घेतली, सांगाडा घेतला आणि त्यावर आपल्या मनाचे इमले चढवले. पुस्तकात चमकधमक कमी आणि डोके जास्त. लढाया तलवारीच्या थोड्या, बुद्धीच्या फार. त्या लढतात ते ऐयार. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर, बहुरूपी आणि वैद्य असा तिघांचा मिळून एक माणूस. कमरेला बटवा, बटव्यात रंग, केस, बेशुद्ध करण्याची पूड, शुद्धीवर आणण्याचे औषध. घटकाभरात तो म्हातारी होईल, घटकाभरात शत्रूचा चाकर होईल. वीरेंद्रसिंहाचा सोबती तेजसिंह हा असा ऐयार. चंद्रकांतेची मैत्रीण चपला हीही ऐयार, आणि तिचे कसब कोणा पुरुषापेक्षा उणे नाही. या लोकांचे काही नीतिनियम आहेत. ऐयार पकडला गेला तर त्याला कैदेत टाकावे, जिवे मारू नये, हा त्यांतला एक. शत्रूकडच्याही हुशार माणसाचा मान राखायचा, ही त्यामागची दृष्टी. मला तर हा नियम त्या सगळ्या गुप्त दालनांपेक्षा अद्भुत वाटतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या कथेत 'तिलिस्म' असते. तिलिस्म म्हणजे जुन्या राजांनी खजिना राखण्यासाठी बांधलेला भुलभुलैया. मालिकेत असल्या जागी धूर निघे, वीज कडाडे, आणि पाहणाऱ्याची समजूत होई की ही जादू आहे. पुस्तकात एका पडक्या जागी दगडाचा मोठा बगळा आहे. त्याच्यासमोर माणूस गेला की बगळा चोच उघडतो आणि त्याला गिळून टाकतो. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण लेखक तिथे थांबत नाही. पुढे सारे कोडे उलगडताना तो सांगतो, की समोरच्या दगडावर पायाचा भार पडला की आतली कळ हलते. बगळा हे एक यंत्र आहे. 'संतति'मध्ये असाच एक खंजीर आहे. तो हाती धरताच विजेसारखा प्रकाश पडतो आणि ज्याला तो लागेल तो बेशुद्ध होतो. ज्याच्या बोटात त्या जोडीची अंगठी असेल त्याला मात्र काही होत नाही. देशात घरोघर वीज पोचण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली ही गोष्ट आहे! भुताने केले, देवीने केले, असे म्हणून लेखक आपली सुटका करून घेत नाही. आधी आश्चर्य दाखवतो, मग त्यामागची कळ दाखवतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे जरा थांबून विचार करावा असे मला वाटते. आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. तो आवश्यकच होता. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो, आणि भीती मनात असते. गिळणारा बगळा पाहून हात जोडायचे की त्याच्या पायाखाली कळ कुठे आहे ते शोधायचे, ही सवय लहानपणी लागते. एकच कथा पडद्यावर जादूची होते आणि पुस्तकात यंत्राची. जो नुसती मालिका पाहून थांबला, त्याच्या हाती अर्धीच गोष्ट आली, आणि तीही नेमकी दिपवून टाकणारी अर्धी. म्हणून माझे म्हणणे असे, की मालिका पाहिली असेल तर पुस्तक वाचण्याचे कारण संपत नाही. उलट ते वाढते.

आमच्या कॉलेजातली इंग्रजी वाचणारी मुले हाच प्रश्न 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेबद्दल विचारतात. (ही मालिका आणि तिची पुस्तके लहान मुलांसाठी नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो.) जॉर्ज मार्टिन यांची मूळ कादंबरीमाला १९९६ साली सुरू झाली, २०११ पर्यंत तिचे पाच भाग निघाले. मालिका २०११ साली सुरू झाली आणि २०१९ साली संपली, तोवर सहावा भाग आलेलाच नव्हता. म्हणजे मालिका पुस्तकाच्या पुढे निघून गेली. इथेही वाचणाऱ्याला निराळे काही मिळते. त्या पुस्तकांत प्रकरणे एकेका पात्राच्या नजरेतून सांगितलेली आहेत. पडद्यावर आपण त्या माणसाकडे बाहेरून पाहतो. पानावर आपण त्याच्या मनात बसून जगाकडे पाहतो. दोन्ही एक नव्हे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'चंद्रकांता' म्हणजे काही थोर वाङ्मय, असा माझा दावा नाही. हिंदीचे मोठे इतिहासकार आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी तिला उच्च साहित्यात जागा दिली नाही. घटनांमागून घटना, माणसांच्या स्वभावाचे दर्शन थोडे, हा त्यांचा आक्षेप खरा आहे. पण त्याच शुक्लांनी हेही नोंदवून ठेवले, की खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत, आणि नुसती ही कथा वाचण्यासाठी कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले. माणसे एका गोष्टीपायी लिपी शिकली! वाचनाची ओढ लावायला पुस्तक थोरच असावे लागते असे नाही; ते सोडवू नये असे असावे लागते. आपल्या मराठीतही 'मुक्तामाला' १८६१ साली आली, नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ साली आली. त्या काळच्या किती वाचकांनी पहिली जाड कादंबरी म्हणून असलीच अद्भुत कथा हाती धरली असेल!

आणि मालिकेला नावे ठेवण्याचेही कारण नाही. तिने दार दाखवले. तिच्यामुळे 'चंद्रकांता' हे नाव आपल्या वाड्यावस्त्यांवर पोचले. प्रश्न एवढाच, की दारातूनच परत फिरायचे की आत जायचे?

आत कसे जावे, तेही सांगतो. एकदम चोवीस भागांकडे पाहून घाबरू नये. 'चंद्रकांता'चा पहिला भाग तेवढा घ्यावा. भाषा सोपी, बोलण्यातली हिंदी आहे. लिपी आपलीच आहे. सातवी-आठवीच्या मुलाला थोड्या मदतीने ती कळते. प्रकरणांना तिथे 'बयान' म्हणतात, आणि ती छोटी छोटी आहेत. शिक्षकांनी शनिवारी शेवटच्या तासाला एक बयान मोठ्याने वाचावे आणि ऐन रंगात आले की पुस्तक मिटावे. पुढचे वाचायला मुले आपण होऊन मागतील. मग त्यांना विचारावे: तुमच्या मनात तेजसिंह दिसतो कसा? ज्यांनी मालिका पाहिली नाही त्या मुलांचे तेजसिंह निरनिराळे निघतील. एकाचा त्याच्या मामासारखा, एकाचा गावातल्या पहिलवानासारखा. पडदा सगळ्यांना एकच चेहरा देतो. पुस्तक ज्याला त्याला त्याचा देते. आणि दगडी बगळ्यापाशी पोचलात, की उत्तर लगेच सांगू नका. कळ कुठे असेल, हे मुलांनाच शोधू द्या.

एवढे करूनही कोणाला पुस्तक रुचले नाही, तर सक्ती नको. पहिला भाग वाचून ठेवून दिला तरी काही बिघडत नाही. दुसरे पुस्तक घ्यावे. मात्र "पाहिलीय" या शब्दावर पुस्तक नाकारू नये. गावच्या वाचनालयात ही चार भागांची कथा नसेल, तर पुढच्या खरेदीच्या यादीत ती घालायला सांगा. किंमत फार नाही. आणि पुस्तक आले, की ते कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मुलांच्या हाताला लागेल असे ठेवा.