क्लबहाउसमधला फ्रीज
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलावेत अशी मला सूचना झाली. गुत्ता, पगाराचा दिवस आणि घरी वाट पाहणारी मुले हे चित्र आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. त्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलू शकतील अशा कितीतरी भगिनी समोरच बसल्या आहेत. म्हणून मी दूरच्या देशातला आणि चांगल्या पैसेवाल्या लोकांचा एक प्रश्न घेतला आहे. अमेरिकेत बेसबॉल हा मोठा धंदेवाईक खेळ. तिथल्या खेळाडूंच्या क्लबहाउसमध्ये दारू असू द्यावी की नाही, हा तो प्रश्न.

क्लबहाउस म्हणजे क्रिकेटच्या ड्रेसिंग रूमसारखीच जागा, फक्त अधिक ऐसपैस. बेसबॉलचा एक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. संध्याकाळी सातचा सामना असेल तर खेळाडू दुपारीच हजर होतो. कपडे बदलणे, मालिश, सराव, पत्ते, जेवण सगळे तिथेच. रात्री सामना संपला की अंघोळ करून पुन्हा तिथेच जेवतो. त्या जेवणाच्या टेबलाजवळ फ्रीज आणि फ्रीजमध्ये बिअर, ही तिथली जुनी रीत. मालकाच्या जागेत, मालकाच्या संमतीने दोन-चार बाटल्या संपतात आणि मग खेळाडू स्वतःच्या गाडीचे चाक हातात धरून घरी निघतो. माझ्या बोलण्याचा सगळा रोख या शेवटच्या वाक्यावर आहे.

मी बँकेत कारकून आहे. संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय आम्हाला उठता येत नाही. उद्या साहेबांनी आमच्या डबा खायच्या खोलीत बिअरचा फ्रीज आणून ठेवला, तर काही मंडळी त्यांचा फोटो देव्हाऱ्यात लावतील! पण रोख मोजणाऱ्या माणसाच्या बाबतीत जे कुणालाही विचित्र वाटेल, ते कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत शंभर वर्षे विचित्र वाटले नाही. असे का, याचे उत्तर पैशात आहे.

बेसबॉल आणि बिअर यांचे नाते जुने आहे. नॅशनल लीगने १८८० मध्ये सिनसिनाटीच्या क्लबला मैदानावर बिअर विकण्याच्या कारणावरून बाहेर काढले. लगेच १८८२ मध्ये दुसरी लीग उभी राहिली, तिने बिअर विकायला मुभा दिली, आणि लोक तिला बिअर आणि व्हिस्कीची लीगच म्हणू लागले. पुढे न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा एक मालक जेकब रुपर्ट हा बिअरचा कारखानदारच होता. सेंट लुईसचा कार्डिनल्स संघ १९५३ पासून १९९६ पर्यंत बड्वायझर काढणाऱ्या कंपनीच्या मालकीचा होता. त्यांचे मैदान आजही बुश या नावानेच ओळखले जाते. मिलवॉकीच्या संघाचे तर नावच ब्रुअर्स, म्हणजे बिअर गाळणारे. जिच्या पाटीखाली खेळायचे तीच वस्तू खोलीत ठेवू नका, असे कोण कुणाला सांगणार?

सांगायची वेळ आली ती अपघातांमुळे. ओकलंडचा गोलंदाज एस्तेबान लोआइझा याला २००६ मध्ये पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली आणि त्या संघाने क्लबहाउसमधली दारू बंद केली. दुसऱ्या वर्षी याच सेंट लुईसमध्ये त्याहून वाईट घडले. जॉश हॅनकॉक हा २९ वर्षांचा गोलंदाज. शनिवारी दुपारी सामन्यात त्याने गोलंदाजी केली, आणि २९ एप्रिल २००७ च्या मध्यरात्रीनंतर त्याची गाडी महामार्गावर थांबलेल्या एका टो-ट्रकवर मागून आदळली. तो जागीच गेला. त्याच्या रक्तात अल्कोहोल होते ०.१५७ टक्के. कायद्याची मर्यादा ०.०८. तो फोनवर बोलत होता आणि त्याने पट्टाही लावलेला नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये संघाचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांना फ्लोरिडात पिऊन गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी पकडले होते. घरातल्या वडिलधाऱ्याचीच ही तऱ्हा! हॅनकॉकच्या मृत्यूनंतर कार्डिनल्सनेही क्लबहाउसमध्ये दारूला मनाई केली.

आता विरुद्ध बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते म्हणतात, हॅनकॉक क्लबहाउसमध्ये प्यायलाच नव्हता. तो एका उपाहारगृहात प्यायला होता. फ्रीज रिकामा केला असता तरी तो वाचला नसता. हे खरे आहे. दुसरे म्हणणे असे की, ही प्रौढ माणसे आहेत, शाळकरी मुले नव्हेत. तिसरे मला सर्वांत वजनदार वाटते. सामन्यानंतर जुने खेळाडू एकेक बाटली घेऊन बसत आणि आज काय चुकले यावर तासभर बोलत. नवखा पोरगा ते ऐकून शिकत असे. फ्रीज गेला की प्रत्येकजण लवकर आटोपून बारकडे पळतो, आणि बारमध्ये खेळाविषयी कोण बोलणार?

बंदीच्या बाजूचे लोकही कधीकधी भलतेच कारण पुढे करतात. २०११ च्या सप्टेंबरात बॉस्टनचा रेड सॉक्स संघ २७ पैकी २० सामने हरला आणि हातातला मोसम घालवून बसला. मग वर्तमानपत्रात आले की, ज्या दिवशी आपली पाळी नाही त्या दिवशी काही गोलंदाज सामना चालू असताना आत बसून बिअर पितात, तळलेली कोंबडी खातात आणि व्हिडिओ गेम खेळतात. मोठा गहजब झाला. व्यवस्थापक टेरी फ्रँकोना गेले. नवे व्यवस्थापक बॉबी व्हॅलेंटाइन यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत क्लबहाउसमध्ये दारूबंदी केली. त्या वर्षी संघ ६९ सामने जिंकला, ९३ हरला आणि आपल्या गटात तळाला गेला. तेव्हा दारू बंद केली की विजय मिळतो, हा हिशेब कृपया कुणी मांडू नये. जिंकणारे संघ पीतही आले आहेत.

मग मी बंदीच्या बाजूने का आहे? पाचव्या शीलाचे नाव घेऊन मी इथे सुटका करून घेणार नाही. अमेरिकेतल्या खेळाडूने ते घेतलेले नाही. तरी त्या शीलात दारू टाळण्याचे कारण प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, असे दिले आहे, आणि रात्री अकरा वाजता महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला ते कुठल्याही धर्माशिवाय पटावे. बारवाल्याने पाजले तर तो बारवाल्याचा दोष. पण कामाच्या जागी, काम संपताच, मालकाने पाजून माणसाला रस्त्यावर सोडायचे हे मला पटत नाही. हॅनकॉक दुसरीकडे प्यायला म्हणून मालकाचा फ्रीज निर्दोष ठरत नाही.

आणखी एक माणूस त्या खोलीत असतो, ज्याची बाजू या वादात फारशी कुणी मांडत नाही. दारू सोडू पाहणारा. डॉन न्यूकम हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. जॅकी रॉबिन्सनच्या मागोमाग ज्या काळ्या खेळाडूंनी ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाचे दार ओलांडले त्यांतला हा गोलंदाज. १९५६ मध्ये त्याला आपल्या लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा आणि त्याच वर्षी सुरू झालेला सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचा, असे दोन्ही मान मिळाले. मग दारूने त्याचे होत्याचे नव्हते केले; अजिंक्यपदाची अंगठीसुद्धा गहाण पडली. १९६६ मध्ये त्याने दारू सोडली आणि पुढे त्याच डॉजर्स संघात राहून दारूत बुडालेल्या खेळाडूंना बाहेर काढण्याचे काम केले. २०१९ मध्ये तो वारला, तोवर पन्नासवर वर्षे त्याने तिला शिवले नव्हते.

दुसरा जॉश हॅमिल्टन. १९९९ च्या निवडीत देशात पहिला आलेला मुलगा. दारू आणि मादक द्रव्यांनी त्याची कित्येक वर्षे गिळली. सावरला, टेक्सास रेंजर्सकडे आला, आणि २०१० मध्ये त्याच्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या ऑक्टोबरात रेंजर्सनी बाद फेरीतली मालिका जिंकली. संघाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. अशा वेळी क्लबहाउसमध्ये शॅम्पेनची कारंजी उडतात, भिंती झाकायला प्लॅस्टिक लावावे लागते. ज्याने सामने जिंकून द्यायचे त्यानेच अशा वेळी दाराबाहेर उभे राहायचे? सोबत्यांनी आधी जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचे साधे सोड्याचे पेय, आणून ठेवले, हॅमिल्टनला मध्ये घेतले आणि त्याला त्या पेयाने न्हाऊ घातले. कुणी फतवा काढला नव्हता. पण ते घडले मोठ्या विजयाच्या रात्री. उरलेल्या दीडशे रात्री, हरलेल्या, कंटाळलेल्या, तो फ्रीज तिथेच असतो आणि दरवेळी पोराला ‘मला नको’ म्हणावे लागते. बावीस वर्षांच्या नवख्याने ज्येष्ठाने पुढे केलेली बाटली कितीदा परतवायची? आपल्याकडे वरातीत ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना मी काय सांगू!

हॅमिल्टन पुढे २०१२ च्या जानेवारीत डल्लसमध्ये पुन्हा प्यायला आणि पत्रकारांसमोर येऊन त्याने ते सांगितले. तेही क्लबहाउसबाहेरच घडले. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, बंदी शिक्षेसारखी लादू नये, खेळाडूंच्या संघटनेशी बोलून करारात आणावी. धाकट्या लीगमध्ये १९९३ पासून तंबाखूला बंदी आहे. वरच्या लीगमध्ये मात्र संघटनेशी बोलणी केल्यावाचून असे काही करता आले नाही. जेवणाचे टेबल राहू द्यावे, गप्पा राहू द्याव्यात, फ्रीजमध्ये जिंजर एल ठेवावे. आणि ज्या रात्री शॅम्पेन उडणारच आहे, त्या रात्री दाराशी क्लबने चालकासह गाड्या उभ्या कराव्यात. कोट्यवधींच्या ताळेबंदात तो खर्च कुठे दिसणारही नाही, हे मी कारकून म्हणून खात्रीने सांगतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे.