कंबरेची चकती आणि शस्त्रक्रियेचे मार्ग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वैद्यकशास्त्रात आम्हांस अधिकार नाही. मॅट्रिकपर्यंत शिकून आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले, एवढीच आमची पुंजी. परंतु मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम आमच्याकडे आहे. त्यांत कंबरेच्या शस्त्रक्रियेचे अर्ज पुष्कळ. प्रत्येकात शस्त्रक्रियेचे नाव निराळे आणि खर्चाचा आकडाही निराळा. या नावांमागे काय आहे, याविषयी वाचून व जाणत्यांना विचारून जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. बाहेर चिवट तंतूंचे वेष्टन, आत मऊ गर. करंजीची कड उकलून सारण बाहेर यावे, तसा हा गर वेष्टन फाटून बाहेर येतो आणि शेजारच्या मज्जातंतूला दाबतो. बहुधा कंबरेच्या अगदी खालच्या दोन चकत्यांत हे घडते. म्हणून दोष कंबरेत आणि कळ मात्र पायात, थेट तळव्यापर्यंत! हा संबंध १९३४ साली अमेरिकेतील बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी जगापुढे स्पष्ट मांडला.

त्या काळी मणक्याच्या मागील हाडाचा बराच भाग काढून आत शिरावे लागे. पुढे हाड कमीत कमी कापण्याकडे कल झाला. १९७७ साली झुरिकचे यासारगिल आणि जर्मनीचे कास्पर यांनी ही शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली करण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच मायक्रोडिसेक्टॉमी. मज्जातंतू मोठा व स्वच्छ दिसू लागला, जखम आखूड झाली. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी स्नायू न कापता, ते बाजूस सारून नळी आत घालण्याची रीत आणली. याखेरीज, मज्जातंतू ज्या छिद्रातून बाहेर पडतो त्यातूनच, कुशीच्या बाजूने दुर्बीण घालूनही गर काढतात. तेथे पुष्कळदा संपूर्ण भूलही द्यावी लागत नाही.

मग जखम जितकी लहान तितकी रीत श्रेष्ठ, असे कोणासही वाटेल. येथे नेदरलँड्समधील संशोधकांचे उपकार मानले पाहिजेत. त्यांनी ३२८ रुग्णांत नळीची आणि नेहमीची सूक्ष्मदर्शकाची रीत ताडून पाहिली व २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. नळीने अधिक लाभ झाला नाही. वेदनेच्या बाबतीत ती किंचित मागेच राहिली. २०२२ साली ६१३ रुग्णांची दुर्बिणीची तुलना प्रसिद्ध झाली. तीत मात्र दुर्बीण कमी पडली नाही, पायाच्या वेदनेत थोडी सरसच ठरली. लेझरचे नाव जाहिरातींत फार गाजते. २०१५ च्या डच तुलनेत लेझर घेतलेल्यांपैकी अधिक जणांवर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी आली, हे त्या जाहिरातींत कोण छापील?

आमच्या मते सर्जनचा हात ज्या रीतीवर बसला असेल, तीच त्याच्याकडून करून घ्यावी. गर पुन्हा बाहेर येण्याचा धोका कोणत्याच रीतीला चुकलेला नाही. अंदाजपत्रकात मणके जोडण्याचे स्क्रू दिसले, तर मात्र कारण विचारावे आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. चकतीच्या साध्या, पहिल्या शस्त्रक्रियेत त्यांची सहसा जरूर नसते. त्या स्क्रूंपायी घरचे दागिने गहाण पडू नयेत, म्हणून हे बोलतो.

याहून मोठा प्रश्न शस्त्रक्रियेच्या वेळेचा. नेदरलँड्समध्येच सहा ते बारा आठवडे पाय दुखत असलेल्या २८३ रुग्णांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. काहींवर लवकर शस्त्रक्रिया केली, काहींना थांबविले. लवकर केलेल्यांची कळ लवकर थांबली, हे खरे. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे झाल्याचे सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. उरलेल्यांचे तिच्यावाचून भागले. ज्याला कळ सोसवत नाही किंवा ज्याची रोजी बुडते, त्याने लवकर करून घेणे गैर नव्हे. इतरांनी घाबरून धावू नये.

मात्र लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतील बाजू व बैठकीची जागा बधिर झाली, अथवा पाऊल उचलण्याची शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो. अशा रुग्णाचा अर्ज पुढील बैठकीपर्यंत पडून न राहता चिटणीसांच्या सहीने तत्काळ मंजूर व्हावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने याच संमेलनात करावा, ही आमची विनंती आहे.