तुकड्याला डोळा हवा

(रेडिओवरील भाषण)



मोठ्या टेक्स्ट फाइलीचे शेल स्क्रिप्टने लहान भाग कसे करावेत, हा विषय मला दिलाय आणि त्यासाठी दहा मिनिटं दिली आहेत. भाग कसे करावेत याला खरं तर एक मिनिट पुरतं. ‘स्प्लिट’ ही आज्ञा युनिक्समध्ये १९७३ पासून आहे. फाइल तिच्या पुढ्यात टाकली आणि बाकी काही सांगितलं नाही, तर ती हजार-हजार ओळींचे तुकडे पाडते, त्यांना ‘एक्स-ए-ए’, ‘एक्स-ए-बी’ अशी नावं ठेवते आणि गप्प बसते. हे तुम्हा सगळ्यांना येतं. मला बोलायचंय ते कुठे तोडायचं, आणि तोडल्यावर प्रत्येक तुकड्याच्या पदरात काय बांधायचं, याबद्दल. कारण आपल्या भागात गोंधळ होतो तो तिथेच.

आपला भाग म्हणजे हॅरिस पूल ओलांडून दापोडीत शिरलं की फुगेवाडी, कासारवाडी, भोसरी, आणि तिथून थेट चाकणपर्यंत. मोठ्या कारखान्यांच्या पाट्या रस्त्यावरून दिसतात. पण गाडीचा डॅशबोर्ड, दिव्याची काच, दाराचं हँडल ज्या साच्यातून निघतं, तो साचा कोरणारी शॉप आतल्या गल्ल्यांत असतात. शटरच्या आत दोन व्हीएमसी मशिनं, एक कॉम्प्युटर, एक प्रोग्रॅमर. मशिन बऱ्याचदा जुनं, कुणाकडून तरी घेतलेलं. आणि जुन्या मशिनची मेमरी मीटरमध्ये मोजतात! नव्या पोरांना हे सांगितलं की हसतात. पण पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवायचे, इंचाला दहा अक्षरं. म्हणून ८० मीटर मेमरी म्हणजे जेमतेम ३२ केबी, आणि ६४० मीटर म्हणजे २५६ केबी. पट्टी गेली, मीटर राहिले.

आता कॅम सॉफ्टवेअरमधून साच्याच्या फिनिशिंगचा प्रोग्रॅम काढा. बारीक-बारीक ओळी, आठ-दहा एमबी सहज होतात. मशिनमध्ये मावणार कसा? केबल लावून थेंब-थेंब पाजता येतो, पण ९६०० बॉडच्या केबलमधून सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे चाळीसेक ओळी. ओळी बारीक असल्या की मशिन पुढच्या ओळीची वाट पाहत थबकतं, आणि टूल थबकलं की जॉबवर वण उठतो. मग प्रोग्रॅमर म्हणतो, तोडू या. स्प्लिट, डॅश एल, दहा हजार. तुकडे पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह सेटरच्या हातात, आणि साहेब चहाला.

थांबा. तुमच्यातल्या पुष्कळांच्या गावी ऊस आहे. लागणीसाठी बेणं तोडताना काय करता? दोन डोळ्यांची टिपरी करता. हातभर कांडं असलं आणि त्याला डोळाच नसला, तर ते सरीत पुरून काय उगवणार? कोयता डोळ्यावर बसला तरी तेच. टिपरी दिसायला टिपरीच, पण महिन्याने बघावं तर तिथे नांगी पडलेली. फाइलीचं अगदी असंच आहे. तुकड्याला डोळा हवा. तो एकटा सरीत टाकला तरी आपला आपण उगवला पाहिजे.

प्रोग्रॅमच्या तुकड्याचा डोळा कोणता, ते बघा. स्प्लिटने पाडलेल्या दुसऱ्या तुकड्याची पहिली ओळ असते, एक्स ४२.३१७, वाय १८.०५, झेड उणे ६.२२. बस, एवढंच. टूल फिरवायचं की नाही, कोणत्या वेगाने, फीड किती, सरळ कापत जायचं की झपाट्याने, कूलंट चालू की बंद, यातलं काहीही त्या ओळीत नाही. हे सगळं पहिल्या तुकड्याच्या वरच्या चार ओळींत एकदाच सांगितलं होतं. मशिन सांगितलेलं धरून चालतं, म्हणून एकसंध फाइलीत ते चाललं. इथे मधे रिसेट झालं. आता जी शून्य धरायचा की जी एक, हे कंट्रोलरच्या पॅरामीटरवर ठरतं. जी शून्य धरला, तर न फिरणारं टूल पूर्ण वेगाने पोलादात घुसणार. आणि पहिल्या तुकड्याच्या शेवटी काय झालं होतं? तिथे प्रोग्रॅम संपवणारा एम ३० नाही, टूल वर घेतलेलं नाही. ते जॉबमध्ये रुतून उभं. सेटरने हाताने वर घेतलं म्हणून वाचलं. शिव्या मात्र सेटरलाच. हे बरोबर नाही. ज्याने तोडलं त्याने डोळा बघायचा होता.

मग तोडायचं कसं? ओळी मोजून तोडू नका, ओळी मोजून तोडायची तयारी करा. ऑकची छोटी स्क्रिप्ट लिहा. ती ओळी मोजत जाईल. नऊ हजार झाल्या की लगेच कोयता चालवायचा नाही. टूल जॉबमधून सुटून वर, समजा झेड ५० वर, जाईल त्या ओळीची वाट बघायची आणि तिथेच तोडायचं. तिथे शेपूट जोडायचं: स्पिंडल बंद, कूलंट बंद, झेड होमला, एम ३०, आणि टक्क्याची खूण. पुढच्या तुकड्याला डोकं: टक्क्याची खूण, नवा ओ नंबर, नाहीतर आधीच्याच नंबरावर जाऊन आदळेल, मग जी २१, जी ९०, जी ५४, टूलच्या लांबीचा जी ४३, स्पिंडल चालू, कूलंट चालू. आणि शेवटचा एक्स, शेवटचा वाय, शेवटचा फीड स्क्रिप्टने वाटेत लक्षात ठेवायचे आणि इथे लिहायचे. एक डोळ्याची टिपरी करतात तेव्हा डोळ्याच्या खालचं कांडं जास्त ठेवतात, वरचं कमी. कोंब त्याच्यावर पोसतो. तसं डोकं भरपूर असू द्या, शेपूट बेताचं चालेल.

प्रोग्रॅममध्ये बरीच टूल्स असतील तर काम सोपं आहे. ‘सीस्प्लिट’ ला सांगा, एम ६ दिसेल तिथे तोड. टूल बदलायची जागा म्हणजे मशिनने स्वतःहून दाखवलेलं कांडं. पण फिनिशिंगला एकच टूल दिवसभर चालतं, तिथे हे कामाचं नाही.

एक गोष्ट हमखास अडवते. कॅम विंडोजवर चालतं, आणि विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं एक न दिसणारं अक्षर ठेवतं. तुमची स्क्रिप्ट ‘झेड ५० वर संपणारी ओळ’ शोधते, आणि तिला एकही सापडत नाही, कारण ओळ झेड ५० वर संपतच नाही. स्क्रिप्टला दोष देत बसू नका. आधी ‘टीआर’ ने ते अक्षर काढून टाका, मग तोडा.

ज्यांचा मशिनशी संबंध नाही, हिशेब-नोंदींत काम आहे, त्यांनी रेडिओ बंद करू नये. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढच्या उघडताना गळतात, म्हणून तुम्हीही सीएसव्ही तोडता. तिथला डोळा म्हणजे रकान्यांच्या नावांची पहिली ओळ. ती प्रत्येक तुकड्याला द्या. पत्त्याच्या रकान्यात कुणी एंटर मारून ठेवला असेल तर एक नोंद दोन ओळींवर पसरते, तिथे ओळी मोजून तोडणं चालत नाही. आणि मराठी मजकूर असेल तर डॅश बी ने, म्हणजे बाइट मोजून, कधीही तोडू नका. युटीएफ-आठमध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दापोडी या शब्दात द, काना, प, ओकार, ड, ईकार अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. सतराव्यावर कोयता बसला तर एका फाइलीत अर्धा ईकार, दुसऱ्या फाइलीत उरलेला. कोयता डोळ्यावर बसला! आकाराने तोडायचंच असेल तर मोठा सी वापरा. तो आकार पाळतो, आणि ओळच त्या आकाराहून लांब नसेल तर ती मोडत नाही. शिवाय एक्सेलला युटीएफ-आठ ओळखायला फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण लागते, ती फक्त पहिल्या तुकड्यात येते. पहिला तुकडा नीट उघडतो, बाकीच्यांत मराठीचा चुराडा दिसतो, आणि ऑफिसात म्हणतात फाइल करप्ट आहे. करप्ट नाही हो, डोळा राहिला.

समोरून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. मेमरी कार्डावरचा प्रोग्रॅम एम १९८ ने बोलावता येतो, मग तोडायचीच गरज उरत नाही, पण तुमच्या कंट्रोलरला ती सोय आहे का, आणि कार्डावर... ते राहू द्या. तपासायचं तेवढं सांगतो. मूळ फाइल लगेच पुसू नका. आधी नुसते तुकडे पाडा, डोकं-शेपूट न लावता. ‘कॅट’ ने जोडा, ‘सीएमपी’ ने मुळाशी ताडून बघा. सीएमपी काहीच बोलला नाही तर सगळं जुळलं. डोकी लावल्यावर ही तपासणी करता येत नाही, म्हणून हा क्रम. टीआर आधी चालवला असेल तर त्यानंतरची फाइल मूळ धरा, नाहीतर पहिल्याच ओळीवर फरक दाखवेल. नावांना आकडेच द्या, डॅश डी, आणि डॅश ए तीन, म्हणजे ०००, ००१ असे क्रमाने लागतील. नुसते १, २, १० ठेवलेत तर दहावा तुकडा दुसऱ्याच्या आधी येतो आणि सेटर तो आधी...

नमस्कार.